बारा नंबरचा नेम

हॅनोव्हरच्या बाहेर, ट्राम जिथे शेवटची थांबते आणि बीटाची शेतं सुरू होतात, तिथे जमिनीखाली एक लांबलचक खोली आहे. भिंतींना काळा स्पंज, एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला कागदी लक्ष्यं. ऊर्मिला दाबके नऊ वर्षं त्या खोलीत नोकरी करत होती. कोणी विचारलंच तर ती म्हणे, "टेस्टिंग लॅबमध्ये असते." ते ऐकून लोक गप्प बसत आणि तिलाही ते बरं वाटे. कारण "पिस्तुलं झाडून बघते" असं खरं सांगितलं, की मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा द्रोण हातात धरून पुढची वीस मिनिटं उत्तरं देत उभं राहावं लागे.

त्या मार्च महिन्यात तिच्या टेबलावर तीन छोटी पिस्तुलं होती. एका राज्याच्या पोलिसांना साध्या वेशात फिरणाऱ्या माणसांसाठी नवं पिस्तूल निवडायचं होतं. जॅकेटखाली दिसू नये इतकं लहान, आणि वेळ आलीच तर जीव वाचवेल असं. कंपन्यांची नावं चिकटपट्टीने झाकली होती आणि वर ए, बी, सी अशी अक्षरं. ए सगळ्यात हलकं, जेमतेम अर्धा किलो. सी सगळ्यात जड, जवळजवळ सातशे ग्रॅम. बी मधलं. तिन्हींचा नेम किती पक्का आणि धक्का किती बसतो, हे मोजून ऊर्मिलाने अहवाल द्यायचा होता.

या अहवालावर तिचंही बरंच काही अवलंबून होतं. लॅबचे संचालक डॉक्टर आलर्स यांनी जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, "अहवाल वेळेत गेला, की मे महिन्यापासून विभागप्रमुख तुम्ही." चार वर्षं ती या वाक्याची वाट पाहत होती. तिने ते घरी सांगितलं, आणि दोन महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या तिच्या सासूबाईंनी, कुंदाताईंनी, ते फोनवरून अर्ध्या नाशिकला सांगितलं.

आधी तिन्ही पिस्तुलं लोखंडी चिमट्यात आवळून पंचवीस मीटरवर झाडली. यंत्राला भीती नसते, घाम नसतो, मनगटही नसतं. तिथे ए पहिलं आलं. पाच गोळ्यांची पाच भोकं एका लिंबाखाली झाकली गेली असती. पण पिस्तूल अखेर माणसाच्या हातात उडतं, म्हणून पोलिसांनी बारा नेमबाजांचं पॅनेल ठरवलं होतं. आठ मोठ्या हातांचे आणि चार लहान हातांचे. त्या चारही जणी एकाच ठाण्यातल्या पोलीस, आणि चाचणीच्या आठवड्यात चारही जणी एकाच फ्लूने आडव्या झाल्या. नवीन तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती.

आता इथे एखाद्या सरळ जर्मन माणसाने काय केलं असतं? तारीख पुढे ढकलली असती, पत्र लिहिलं असतं आणि कॉफी प्यायला गेला असता. ऊर्मिलाने काय केलं? तिने पट्टी घेतली, स्वतःचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला, साडेसोळा सेंटिमीटर भरला, आणि ती म्हणाली, "मी आहे ना."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" आलर्स म्हणाले. "हात लहान असला की झालं." घाईत असले की जर्मन माणसालाही जुगाड गोड लागतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. यादीतल्या चार रिकाम्या जागांपैकी शेवटच्या जागी एकट्या ऊर्मिलाचं नाव पडलं. नंबर बारा.

नंबर बाराने कमाल केली. प्रत्येक पिस्तुलाच्या एकशे ऐंशी गोळ्या. 'ए'चा धक्का तिन्हींत जास्त होता, नळी दर गोळीला चांगली हातभर उंच उसळायला बघायची, पण ऊर्मिलाने तिला उसळूच दिलं नाही. पिस्तूल एकदाही अडकलं नाही आणि तिचा नेम पॅनेलमध्ये सगळ्यांत घट्ट आला. निष्कर्ष सरळ होता: ए हलकं आहे, अचूक आहे, आणि लहान हातांनाही झेपतं. अहवाल सोमवारी पाठवायचा ठरला.

गुरुवारी दुपारी सास्किया ब्रांट आली. त्या चौघींपैकी ही एक. पंचविशीची, नाक अजून लाल, हातात चॉकलेटचा डबा.

"आमच्यामुळे तुमची पंचाईत झाली," ती म्हणाली. "सॉरी म्हणायला आले. आणि आता आलेच आहे तर एकदा झाडून बघू का? नुसतं असंच. पुढे आम्हालाच कमरेला लावायचंय."

ऊर्मिलाने हसून तिला कानावरचे रक्षक दिले. सास्कियाने आधी सी घेतलं. दहा गोळ्या, काही कुरकुर नाही. मग ए घेतलं. तिसऱ्या गोळीला पिस्तूल थांबलं. रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी वरच्या खिडकीत उभीच्या उभी अडकली होती. ऊर्मिलाने ती काढून दिली. पुढच्या मॅगझिनला दुसऱ्याच गोळीला पुन्हा तेच.

सास्कियाचे कान लाल झाले. "चूक माझीच आहे. माझं मनगट ढिलं पडतं. आमचे ट्रेनरपण हेच म्हणतात. जुन्या पिस्तुलालाही मला नेहमी उशीर होतो."

"अगदी सोपं आहे," ऊर्मिला म्हणाली, आणि तिच्या अंगात गुरुजी संचारले. तिने सास्कियाचा डावा अंगठा पुढे सरकवला, करंगळी दस्त्याच्या खाली दुमडून घेतली, कोपर आत ओढायला लावलं, खांदे पुढे झुकवले. "आता मनगट आहे हे विसरा. खांद्यापासून एकच काठी समजा." सास्कियाने पुन्हा दहा गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. ती इतकी खूश झाली, की जाताना तिने तीनदा आभार मानले. ऊर्मिलाही खूश होती. ट्राममध्ये बसल्याबसल्या तिच्या डोक्यात विभागप्रमुखाच्या दारावरची पाटीसुद्धा लागून झाली.

घरी आली तर स्वयंपाकघरात भाकऱ्या चालल्या होत्या. घर भाड्याचं, ओटा जर्मन मापाचा, म्हणजे सहा फुटी बाप्यांसाठी बांधलेला. कुंदाताई पाच फुटांना एक इंच कमी. त्या बाटल्यांचा क्रेट पालथा घालून त्यावर उभ्या राहून भाकरी थापत होत्या, आणि दर दोन थापांनंतर पिठाचा हात तसाच उजव्या खांद्यावर नेऊन दाबत होत्या. खांद्यावर पिठाचा पांढरा पंजा उमटला होता. खोलीभर बामचा वास.

"अहो आई, खांदा दुखतोय का?"

"छे गं. ओट्याची सवय नव्हती मला. आता जमवलंय मी."

"किती दिवस दुखतोय?"

"आल्यापासून असेल. आता काय, त्यात एवढं काय विचारायचं?"

ऊर्मिलाचा नवरा मयुरेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आईला. काही प्रॉब्लेम नाही म्हणाली."

"ओमाला येतं की छान," ऊर्मिलाची नऊ वर्षांची लेक अन्वी आजीकडे बघत जर्मनमध्ये म्हणाली आणि गरम भाकरी घेऊन पळाली.

ऊर्मिला दारातच उभी राहिली. ओट्याचा अहवाल लिहायला मयुरेशला सांगितलं असतं, तर त्याने काय लिहिलं असतं? उंची योग्य, तक्रार नाही, भाकऱ्या उत्तम. आणि ते शब्दशः खरं असतं. कारण ओट्यात काय खोट आहे हे त्या बाईच्या खांद्याने सोसलं होतं, आणि खांद्याला कोणी विचारलं नव्हतं.

 तिला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, नवी नवी जर्मनीत आलेली, शेजारच्या काकांनी गल्लीतल्या नेमबाजी क्लबात नेलेलं. तिथलं छोटं पिस्तूल तिच्या हातात दर चौथ्या गोळीला अडके. क्लबातले म्हातारे प्रेमाने म्हणत, मनगट, मनगट! मग तिने पाण्याची भरलेली बाटली हातभर लांब धरून टीव्ही बघायला सुरुवात केली. अंगठा कुठे, करंगळी कुठे, श्वास कधी, सगळं बसवलं. वर्षभराने पिस्तूल अडकायचं थांबलं. पिस्तुलात काही खोट असेल, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही, त्यानंतरही पडला नाही, आणि आज दुपारी ते डोळ्यांसमोर दोनदा अडकलं तरीही पडला नाही. उलट तिने त्या पोरीलाही जमवून घ्यायला शिकवलं. पोरगी बिचारी आभार मानून गेली. ऊर्मिलाला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी कोट काढायच्या आधी तिने संगणक उघडला आणि नंबर बाराचे सगळे आकडे वगळले. उरले आठ जण, आठही रुंद पंजाचे. लहान हातांबद्दल अहवालात सांगण्यासारखं एक अक्षरही उरलं नाही. ती आलर्सच्या खोलीत गेली.

"चाचणी चुकली आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी पॅनेलवर बसायला नको होतं. मी पिस्तूल मोजलं नाही, माझा सराव मोजला. त्या चौघींना बोलावून पुन्हा करावी लागेल."

आलर्सनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त सोमवार जवळ आला होता. "आल्झो, असं करा, फ्राउ दाबके. एक तळटीप टाका ना. 'नंबर बारा अनुभवी नेमबाज.' बास."

"तळटीप कमरेला लावून कोणी फिरत नाही. पिस्तूल लावून फिरतात."

"तीन आठवडे जातील."

"हो."

"संचालक मंडळाची बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यांच्यापुढे मी काय ठेवू? अहवाल रखडला, आणि रखडवला त्याच बाईने, जिला मी प्रमुख करा म्हणतोय? मग मला येन्सचं नाव द्यावं लागेल."

येन्स शेजारच्या खोलीत बसे. सज्जन, उंच, आणि ऊर्मिलापेक्षा पाच वर्षांनी कनिष्ठ.  चार वर्षं, चार वर्षं! हा एक विचार डोक्यात घणासारखा वाजत होता. पण हात मात्र आधीच चाचणीचा नवा अर्ज टेबलावर सरकवत होते.

"द्या नाव," ती म्हणाली. "आणि इथे सही करा."

घरी हे सांगितल्यावर कुंदाताई क्रेटवरून खाली उतरल्या. "म्हणजे माझ्या खांद्यापायी तू बढती घालवलीस? अगं, मी नाशिकला आता काय सांगू?"

"सांगा, सून भांडकुदळ आहे."

"ते आधीच सांगितलंय," कुंदाताई म्हणाल्या आणि डोळे पुसायला तिकडे वळल्या.  शनिवारी मयुरेशने तळघरातून लाकडी टेबल वर आणलं, त्याचे चारही पाय करवतीने कापले आणि आईला त्याच्यासमोर उभं करून दोनदा विचारलं, "खरं सांग, खरं सांग." दुसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अजून दोन बोटं कमी कर."

तीन आठवड्यांनी त्या चौघी आल्या. पुन्हा प्रत्येकीला प्रत्येक पिस्तुलाच्या एकशे ऐंशी गोळ्या. ऊर्मिलाने स्वतःला एकच नियम घातला होता: शिकवायचं नाही. हा नियम तिला फार जड गेला. सास्कियाचं मनगट लचकताना दिसे आणि "करंगळी दुमडा" हे शब्द तिच्या जिभेवर येऊन बसत. ती हात पाठीमागे बांधून, दात दाबून उभी राहिली. सास्कियालाही तिने आधीच सांगितलं होतं, "त्या दिवशी शिकवलेलं आज विसरा. मनगटाला जे वाटेल ते करू द्या. आज तुमची नाही, पिस्तुलाची परीक्षा आहे."

 असं सास्कियाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

'ए'मधून सातशे वीस गोळ्या सुटल्या आणि तेवीस वेळा पुंगळी अडकली. पिस्तूल इतकं हलकं, की धक्क्याबरोबर सगळंच मागे जाई. वरचा भाग मागे सरकायला खालून जो टेका लागतो, तो लहान हाताकडून मिळतच नसे. अडकलेली पुंगळी काढून पुन्हा नेम धरायला सरासरी चार सेकंद लागत. पाचव्या गोळीपर्यंत नेम जेवणाच्या ताटाएवढा पसरत होता. बी दोनदा अडकलं. सी एकदाही नाही, आणि त्याची पाचवी गोळी पहिलीच्या शेजारीच असे. चिमट्यातला पहिला नंबर माणसाच्या हातात आल्यावर शेवटचा ठरला होता.

एप्रिल संपता संपता पोलिसांच्या समितीचे अध्यक्ष टीमान आले. पन्नाशी उलटलेले, स्वतः वीस वर्षं साध्या वेशात काढलेले, फावड्यासारखे हात. त्यांच्यापुढे दोन्ही अहवाल ठेवले होते. नंबर बाराचे आकडे असलेला, कधीच न पाठवलेला जुना आणि सही झालेला नवा. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचले आणि जुन्या अहवालातल्या एका रांगेवर बोट ठेवलं.

"हा नंबर बारा. हात साडेसोळा सेंटिमीटर, 'ए'च्या एकशे ऐंशी गोळ्या, एकदाही अडथळा नाही, नेम सर्वोत्तम. आमच्या लोकांना हलकं पिस्तूल हवंय. दिवसभर अंगावर वागवायचं असतं. लहान हाताने हे जमतं, हे इथे दिसतंय. मग प्रश्न पिस्तुलाचा नाही, प्रशिक्षणाचा आहे. नाही का?"

आलर्स खुर्चीत सरसावून बसले. बैठक पुढे ढकलली गेली होती, येन्सच्या नावावर अजून शिक्का बसला नव्हता. "तसं पाहिलं तर," ते हळूच म्हणाले, "पहिला अहवालही चुकीचा म्हणता येणार नाही. फ्राउ दाबके, हे प्रशिक्षणाने जमतं असं तुम्ही सांगितलंत तर..." पुढचं त्यांनी डोळ्यांनी सांगितलं. अहवाल वेळेत लिहिलेला ठरेल. मे महिना अजून यायचा आहे.

ऊर्मिलाला सगळं दिसत होतं. एक "हो" म्हणायचं होतं, आणि गंमत अशी, की ते खोटंही नव्हतं. प्रशिक्षणाने जमतंच. तीच त्याचा पुरावा होती.

"नंबर बारा मी आहे," ती म्हणाली.

टीमाननी तिच्या हातांकडे पाहिलं.

"पहिल्या वर्षी माझ्या हातातही छोटं पिस्तूल असंच अडकायचं. ते थांबवायला मला वर्ष लागलं, आणि या रांगेत दिसतो तसा नेम यायला अकरा वर्षं. त्यातली नऊ वर्षं मला याच कामाचा पगार मिळतो. तुमच्या शिपायाला गोळीबाराचा सराव वर्षाला किती तास मिळतो?"

टीमान म्हणाले, "आठ. सगळं सुरळीत चाललं तर."

"मग हे पिस्तूल तुम्ही माझ्यासाठी घेताय," ऊर्मिला म्हणाली. "मला त्याची गरज नाही. मी संध्याकाळी घरी जाते. गरज सास्कियाला आहे. आणि ते अडकलं, की ती म्हणते माझं मनगट वाईट. ज्या दिवशी समोर खरा माणूस असेल, त्या दिवशी हे म्हणायला तिच्याकडे चार सेकंद नसतील."

 टीमाननी खिशातून पेन काढलं, जुना अहवाल बाजूला सारला, नव्यातल्या 'ए'वर एक आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. उठताना त्यांनी तिच्याशी हात मिळवला. तो छोटा हात त्यांच्या पंजात पार दिसेनासा झाला, पण दाबला मात्र तिनेच जास्त.

ते गेल्यावर आलर्सनी कागद सारखे केले. "तुम्ही बरोबर होतात," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "पण संचालक मंडळाला मी शब्द देऊन बसलोय. येन्स सोमवारपासून सूत्रं घेईल."

"कळलं."

"एकच विनंती आहे. त्याला प्रमुखाच्या कामाची काही माहिती नाही. पहिले सहा महिने तुम्ही त्याला सांभाळून घ्या. वेळापत्रक, पॅनेल, गिऱ्हाइकांच्या बैठका, सगळं तुम्हीच बघा. नाव त्याचं असेल, पण आम्हाला माहीत असेल ना, काम कोण करतंय ते. तुम्हाला जमेल. तुम्हाला सगळं जमतं."

ऊर्मिलाला वाईट वाटलं होतं, राग आला होता. त्यातलं काही लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"जमेल," ती म्हणाली. "म्हणूनच करणार नाही. ते काम त्या खुर्चीचं आहे. खुर्ची द्या, उद्यापासून करते. नाहीतर येन्सला अडकू द्या. तेव्हाच तुम्हाला कळेल तुम्ही काय निवडलंय."

 तिने तिन्ही पिस्तुलं तिजोरीत ठेवली, किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी जायला रोजची सव्वाचारची ट्राम पकडली.